गिअरलेस स्कूटरचा गिअर बदलतो कोण?

परवा सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका मुलाची स्कूटर सुरू होईना. बॅटरी पार उतरली होती. शेजारचे काका लगेच पुढे झाले. "अरे, तू बस. आम्ही ढकलतो, वेग आला की उचलेल." काकांनी वर्षानुवर्षे चेतक चालवलेली. डाव्या मुठीत दुसरा गिअर टाकायचा, क्लच दाबून गाडी पळवायची आणि क्लच सोडायचा, की इंजिन धरलेच. त्या आठवणीवर गेटपर्यंत दोनदा ढकलून झाले, पण गाडी सुरू झाली नाही. होणारही नव्हती. "हिला गिअरच नाहीत ना, म्हणून," असे कारण काकांनी दिले आणि जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

हे कारण चुकीचे आहे. गिअरलेस स्कूटरला गिअर असतात. सर्व्हिसिंगच्या बिलात 'गिअर ऑइल' अशी एक ओळ असते, ते तेल मागच्या चाकापाशी असलेल्या दातेरी चाकांसाठीच असते. या चाकांचे प्रमाण मात्र कायमचे ठरलेले. बदलणारा गिअर त्यांच्या अलीकडे, डाव्या बाजूच्या लांबट झाकणाखाली असतो, आणि तो बदलायला ना हात लागतो, ना पाय, ना कॉम्प्युटर. ॲक्टिव्हा असो, ज्युपिटर असो की ॲक्सेस, सगळ्यांत तत्त्व एकच. माझ्या मते, आपण रोज वापरतो त्या यंत्रांतली ही सर्वांत सुंदर रचना आहे.

गिअर लागतात कशाला, तर पेट्रोल इंजिन कमी फेऱ्यांवर दुबळे असते म्हणून. ११० सीसीच्या स्कूटरचे इंजिन जास्तीत जास्त सुमारे ९ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा पीळ, देते. तोही मिनिटाला पाच-साडेपाच हजार फेरे झाल्यावर. जागेवरून निघताना इंजिन भराभर आणि चाक सावकाश फिरायला हवे. वेग आल्यावर दोघांमधला हा फरक कमी व्हायला हवा.

आता ते झाकण उघडू. आत दोन पुल्या आणि त्यांच्यावरून जाणारा एक जाड रबरी बेल्ट दिसतो. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन उथळ शंकूसारख्या तबकड्या, मध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच. तबकड्या जवळ आल्या की बेल्ट परिघाकडे चढतो, दूर गेल्या की अक्षाकडे उतरतो. बेल्टची लांबी ठरलेली, त्यामुळे पुढे तो चढला की मागे त्याला उतरावेच लागते. हिशेबासाठी धरू, की निघताना बेल्ट पुढे २ सेंटिमीटर आणि मागे ५ सेंटिमीटर त्रिज्येवर आहे. इंजिनचे अडीच फेरे झाले की मागच्या पुलीचा एक. वेगात तोच बेल्ट पुढे ४ आणि मागे ३ वर आला, की इंजिनच्या तीन फेऱ्यांत मागची पुली चार फेरे घेते. या दोन टोकांच्या मध्ये तीन किंवा चार पायऱ्या नाहीत, सलग उतार आहे. म्हणून गिअर मोजताच येत नाहीत.

पुढच्या तबकड्या जवळ कोण आणते? सहा छोटे रोलर. सरकत्या तबकडीच्या पाठीमागे उतरत्या खोबणींत ते बसवलेले असतात. इंजिन फिरू लागले की रोलर बाहेर पळू पाहतात. मेरी-गो-राउंडमध्ये आपण बाहेर फेकले जातो तसेच. बाहेर जाताना खोबणीच्या उतारावर पाचरीसारखे अडकतात आणि तबकडीला आत ढकलतात. समजा, रोलर १२ ग्रॅमचा आहे आणि अक्षापासून ३ सेंटिमीटरवर आहे. मिनिटाला ५००० फेऱ्यांना त्याचा बाहेरचा जोर १० किलो वजनाइतका होतो. सहा रोलर मिळून ६० किलो. फेरे निम्मे केले तर जोर निम्मा नाही, चौथा हिस्सा होतो, कारण तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १२ ग्रॅम म्हणजे दोन-चार नाणी! पुढची पुली इंजिनच्या फेऱ्यांची भाषा अशी समजून घेते.

पण फक्त फेरे कळून भागत नाही. मी रविवारी पहाटे खडकवासल्यावरून सिंहगडाचा घाट चढतो, तेव्हा पायाशी काही नसते. इतर दिवशी त्याच गाडीवर पायाशी दळणाचा डबा, हुकाला भाजीची पिशवी आणि मागे डबलसीट. ओझे किंवा चढ वाढला हे गाडीला कळायला हवे. ते कळते मागच्या पुलीला.

मागच्या तबकड्यांना एक दणकट स्प्रिंग दाबून धरते. पण खरी करामत स्प्रिंगच्या आत आहे. तिथे सरकत्या तबकडीच्या नळीला तिरक्या खाचा असतात आणि त्यांत खिळे बसलेले असतात. बेल्ट या तबकडीला पुढे फिरवू पाहतो, तर दुसरी तबकडी चाकाच्या बाजूला जोडलेली असल्याने चढाचा विरोध तिच्यातून येतो. दोघींमध्ये पीळ पडतो. खाच सरळ असती तर काही घडले नसते. ती तिरकी असल्यामुळे पिळाचा एक भाग अक्षाच्या दिशेने वळतो आणि सरकती तबकडी दुसऱ्या तबकडीकडे ढकलली जाते. चढ जितका तीव्र, तितका पीळ मोठा आणि तितका हा दाबही मोठा. मागच्या तबकड्या मिटतात, बेल्ट बाहेर चढतो आणि पुढे रोलरच्या विरोधाला न जुमानता खाली उतरतो. म्हणजेच खालचा गिअर पडला. शिवाय बेल्टवरची पकड नेमकी गरज असताना घट्ट झाली, त्यामुळे तो घसरतही नाही. एकाच तिरक्या खाचेतून दोन कामे. पुढचे रोलर बेल्टला वर ओढतात, मागची खाच खाली, आणि या रस्सीखेचीत बेल्ट जिथे स्थिरावतो तो त्या क्षणाचा गिअर. घाटात वेग पन्नासवरून तीसवर आला तरी इंजिनचा आवाज जवळपास तोच राहतो, तो यामुळे.

ही कल्पना स्कूटरसाठी जन्मली नव्हती. नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये अशी बेल्टची गाडी दाखवली, ती चारचाकी होती. आपल्याकडे ही रचना लोकांच्या हाती दिली १९८० च्या दशकात कायनेटिक होंडाने.

आता काकांच्या ढकलण्याकडे येऊ. मागच्या पुलीला क्लचचे शू, म्हणजे पकड घेणारे तुकडे, जोडलेले असतात आणि त्यांच्याभोवती वाटीच्या आकाराचे ड्रम. चाक जोडलेले असते ते ड्रमला. इंजिन साधारण तीन हजार फेऱ्यांच्या आसपास गेले की शू बाहेर फेकले जाऊन ड्रमला धरतात. इंजिन बंद असताना स्प्रिंग त्यांना आत ओढून ठेवते. गाडी कितीही जोरात ढकला, चाक आणि ड्रम रिकामेच फिरतात, शूपर्यंत काही पोचत नाही. किक मात्र थेट पुढच्या पुलीला फिरवते, म्हणून तिचा उपयोग होतो.

पेट्रोलच्या नळीला लावले की मायलेज वाढते असे सांगून चुंबक अजून विकले जातात आणि लोक घेतातही. पेट्रोलच्या रेणूंवर अशा चुंबकाचा ज्वलनात फरक पडेल असा कोणताही परिणाम होत नाही. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवण्याचेही तसेच. दसऱ्याला झेंडूचा हार घालावा, तो मीही घालतो. पण रस्त्यावर बेल्ट तुटतो तो दृष्ट लागून नाही. रबर उन्हातान्हात आणि घर्षणाच्या उष्णतेत तापून त्याला भेगा पडतात म्हणून तुटतो. वीस हजार किलोमीटरच्या आसपास झाकण उघडून बेल्ट बघून घ्यावा.

तेव्हा रोलरही हातात घेऊन बघावेत. माझ्या गाडीचा पिकअप गेला होता, कार्बोरेटर दोनदा साफ करूनही फरक पडला नव्हता. शेवटी मेकॅनिकने व्हेरिएटर, म्हणजे पुढची रोलरवाली पुली, उघडून सहा रोलर माझ्या तळहातावर ठेवले. गोल असायला हवे होते, पण प्रत्येकाची एक बाजू घासून सपाट झाली होती. सपाट बाजूवर ते गडगडत नाहीत, खोबणीत नुसते घासत, अडत सरकतात. नवे सहा बसवले आणि त्या रविवारी घाटाच्या पहिल्याच वळणावर इंजिनचा तो ओळखीचा, न बदलणारा सूर पुन्हा लागला.