दिवाळीचं पिल्लू, मिरगाचा पाऊस

कुत्र्याचं पिल्लू कुठल्या वयात माणसाला सगळ्यात गोड दिसतं, हे मोजून झालेलं आहे. अमेरिकेत क्लाइव्ह विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन जातींच्या कुत्र्यांचे जन्मापासून मोठं होईपर्यंतचे फोटो लोकांसमोर ठेवले आणि गुण द्यायला सांगितलं. २०१८ साली निष्कर्ष छापून आले. तिन्ही जातींत गोडव्याचा कळस सहा ते साडेआठ आठवड्यांच्या दरम्यान होता. कुत्री पिल्लांना दुधापासून तोडते ती साधारण याच सुमाराला. आईचा आधार सुटतो तेव्हाच दुसऱ्या कुणाला तरी दया यावी, अशी ही सोय दिसते.

सोय लागतेच. कोलकात्याजवळच्या आयसर या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने रस्त्यावरच्या ९५ वेतांतल्या ३६४ पिल्लांवर नजर ठेवली. सात महिन्यांपर्यंत जगली ती जेमतेम १९ टक्के, आणि मेलेल्यांत निम्म्याहून जास्त पिल्लांच्या मृत्यूत माणसाचा हात होता. ही आईपाशी वाढलेली, रस्त्याची सवय असलेली पिल्लं होती, हे इथे लक्षात ठेवायचं. पुढे कामाला येईल.

पिल्लं विकणाऱ्याला हे संशोधन वाचायची गरज नसते. कुठल्या आठवड्यात गिऱ्हाईक हातातलं पिल्लू खाली ठेवत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून सणाच्या तोंडावर खोक्यात बसून जे पिल्लू येतं ते सहा-सात आठवड्यांचं, कधी त्याहूनही लहान असतं. आता बोटं मोजा. गणपतीत घरी आलेलं पिल्लू शिमग्याला आठ महिन्यांचं होतं. दिवाळीत आलेलं मिरग लागताना सव्वाआठ ते नऊ महिन्यांचं. नाताळच्या सुट्टीतलं त्याच मिरगाला सात महिन्यांच्या आसपास असतं. कोकणात पट्टा गळ्यात असलेलं, पण धनी नसलेलं कुत्रं बंदरावर किंवा घाटाच्या पायथ्याशी दिसायला लागतं ते याच सुमाराला. याचं कारण कुत्र्याच्या वाढीत आहे.

त्याआधी एक गैरसमज. भेट दिलेलं कुत्रं टाकलं जातंच, असं सर्रास बोललं जातं. कुत्रा आयुष्यभरासाठी असतो, फक्त नाताळपुरता नाही, ही ब्रिटनमधली प्रसिद्ध घोषणा १९७८ सालची, आणि ती योग्यच आहे. पण अमेरिकेत १९९६ साली पॅट्रोनेक आणि सहकाऱ्यांनी निवाऱ्यात आणून सोडलेल्या कुत्र्यांची घरात टिकलेल्या कुत्र्यांशी तुलना केली, तेव्हा भेट म्हणून आलेल्यांचा धोका जास्त आढळला नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच निघाल्या. रोज घरात घाण होणं, नसबंदी न झालेली असणं, शिकवणच न मिळणं आणि 'एवढं करावं लागेल असं वाटलं नव्हतं' ही मालकाची तक्रार. आपल्याकडे घोळ होतो तो इथेच, कारण भेट देणारा आणि करणारा एक नसतो. पिल्लू आणतो मुंबईचा चाकरमानी, हट्ट असतो त्याच्या मुलांचा, आणि सुट्टी संपली की खळ्यात उरतात ती पिल्लू आणि गुडघे दुखणारी आजी. तिला कुणी विचारलेलंच नसतं.

आता आठ महिन्यांचं कोडं. कुत्र्याचे दुधाचे दात २८. ते साडेतीन-चार महिन्यांपासून पडायला लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत ४२ पक्के दात येतात. या काळात चप्पल, खाटेचा पाय, वाळत टाकलेली जाळी, काहीही चावलं जातं. मग वयात येणं. मादी सहा ते बारा महिन्यांत पहिल्यांदा माजावर येते, दोन-तीन आठवडे माज टिकतो, रक्तस्राव होतो आणि वाडीतले सगळे कुत्रे अंगणात मुक्काम ठोकतात. नर तंगडी वर करून पडवीच्या खांबांवर खुणा करायला लागतो. आणि ऐकेनासा होतो. हा नुसता भास नाही. ब्रिटनमध्ये लुसी ॲशर यांच्या गटाने २०२० साली दाखवलं, की पाचव्या महिन्यात 'बस' म्हटल्यावर बसणारी कुत्री आठव्या महिन्यात सांभाळणाऱ्याचं कमी ऐकतात, परक्याचं मात्र ऐकतात. थोडक्यात, घरच्यांशीच वाकडं. पुढे वय वाढलं की हे निवळतं, पण तोवर तग धरणारं माणूस घरात हवं.

नेमक्या याच वेळी पाऊस येतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हंगामात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो. चार महिने फिरवणं बंद, अंगण चिखलाचं, कुत्रं पडवीत बांधलेलं. धावण्यापळण्याची ताकद भुंकण्यात आणि खणण्यात जाते. दाट केसांच्या जातींची आणखी एक अडचण असते. घाम गाळून अंग गार करणं कुत्र्याला जवळपास जमत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकताना ओल उडते तेवढीच गारवा देते. हवाच दमट असली की ही ओल उडत नाही. निरोगी कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, १०६ च्या वर गेलं की जिवाचा खेळ. बर्फातल्या हस्कीला मे महिन्यात मालवणात ठेवणं आणि बसक्या नाकाच्या पगला भरदुपारी फिरवणं, दोन्ही सारखंच.

गोचीड हा तर स्वतंत्र अध्याय. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन टम्म झाली की खाली उतरते, भिंत चढते आणि चिऱ्यांच्या सांध्यात जाऊन दोन-चार हजार अंडी घालते. त्यामुळे फक्त कुत्र्याला औषध लावून भागत नाही. जांभ्याची भिंत, खाटेच्या खाचा, बसायचं गोणपाट, सगळ्यांकडे पाहावं लागतं. गोचिडीवर रॉकेल ओतू नये, पेटती काडी तर नाहीच. चिमट्याने कातडीलगत धरायची, पिळा न देता सरळ ओढायची, साबणाच्या पाण्यात टाकायची. तिच्यामुळे होणाऱ्या एर्लिकियोसिस या आजारात रक्त गोठवणाऱ्या पेशी घटतात आणि नाकातून रक्त येतं. घरचे म्हणतात, उष्णतेने घोळणा फुटला. कुत्र्याचा घोळणा असा फुटत नसतो. ओठ उचलून हिरड्या बघा, पांढुरक्या दिसल्या तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. वेळेत निदान झालं तर साधारण चार आठवड्यांच्या गोळ्यांनी कुत्रं उभं राहतं.

पण पुष्कळ पिल्लं इथवर पोचतच नाहीत. धनत्रयोदशीला आणलेलं पिल्लू भाऊबीजेला ओकायला लागतं, तुळशीच्या लग्नाआधी संपतं. हा पार्व्हो. १९७८ च्या सुमाराला जगभर पसरलेला हा विषाणू शरीरात शिरल्यापासून तीन ते सात दिवसांत लक्षणं दाखवतो. म्हणजे लागण बहुतेक वेळा विकणाऱ्याकडेच किंवा वाटेत झालेली असते. आधी खाणं सुटतं, मग उलट्या, मग रक्ताचे, वेगळ्याच उग्र वासाचे जुलाब. शरीरातलं पाणी जातं ते सलाईननेच भरून काढावं लागतं, घरी साखरपाणी पाजत दोन दिवस काढले की उशीर होतो.

'लस दिलीय' हे विकणाऱ्याचं वाक्य खरं असलं तरी अर्धंच. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाला वाचवते, तशीच लशीलाही निकामी करते, आणि ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, सहाव्या आठवड्यापासून सोळाव्यापर्यंत कधीही. म्हणून एक टोचून चालत नाही. सहा ते आठ आठवड्यांना सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत लस द्यायची. रेबीजची तीन महिने पूर्ण झाल्यावर. भातशेतीच्या गावात लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा, अंतर्भाव असलेली लस मागून घ्यावी. जंताचं औषध मात्र दुसऱ्या आठवड्यापासून, कारण गोल जंत आईच्या पोटातूनच येतात.

एक पिल्लू पार्व्होने गेल्यावर मुलं रडतात म्हणून आठवड्यात दुसरं आणलं जातं, आणि तेही जातं. हा विषाणू महिनोन् महिने, सावलीत वर्षभरही टिकतो. फरशी असेल तर आधी साबणाने धुऊन, घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग, म्हणजे लिटरभर पाण्यात तीसएक मिली, दहा मिनिटं ओलं ठेवायचं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा लाल मातीच्या खळ्यावर याचा उपयोग नाही, शेण-माती लागली की ब्लीचचा जोर तिथल्या तिथे संपतो. तशा घरात पुढचं कुत्रं आणायचं तर लशी पूर्ण झालेलं, चार महिन्यांपुढचंच.

खाण्यातही चूक होते ती लाडापोटी. दोन किलोच्या पिल्लाला दिवसाला साधारण ३५० कॅलरी लागतात, म्हणजे शंभर ग्रॅम शिजलेला भात, एक उकडलेलं अंडं आणि नव्वद ग्रॅम उकडलेली कोंबडी, चार वेळा विभागून. गाईचं दूध पातळ पडतं. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं त्याच्या दुपटीहून जास्त असतात, साखर कमी. वाटीभर दूध प्यायलं की ढाळ लागतात. माशाच्या कालवणाचा भात नको, त्यातला कांदा कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतो. मासा द्यायचा तर मिठाशिवाय उकडून, काटे काढून. आणि भात व मऊ बोटी एवढ्यावरच वाढवलेल्या पिल्लाचे पाय वाकतात. मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो, पिल्लाला दोन्ही जवळपास सारखे हवेत, म्हणून शरीर हाडातलं कॅल्शियम काढून तूट भरतं. पूरक कॅल्शियम किती हे वैद्याने वजन बघून ठरवायचं, मोठ्या जातींत जास्त झालेलंही नडतं. 'लंगडं निघालं' म्हणून टाकलेल्या पिल्लाचा दोष पुष्कळदा ताटातलाच असतो.

टाकणारा माणूस स्वतःची समजूत घालतो, की बंदरावर मासळी आहे, उपाशी मरणार नाही. रस्त्यावरच वाढलेल्या पिल्लांतही जेमतेम १९ टक्के जगतात, हे इथे आठवावं. आणि बंदर रिकामं नसतं. तिथल्या कुत्र्यांच्या टोळ्या असतात, हद्दी ठरलेल्या असतात. सातव्या आठवड्याच्या आधी भावंडांतून उचललेल्या कुत्र्याला नमतं घेण्याची भाषा नीट येत नाही. इटलीत २०११ साली झालेल्या अभ्यासात तीस-चाळीस दिवसांत आईपासून तोडलेली कुत्री साठ दिवसांनी तोडलेल्यांपेक्षा जास्त भित्री, जास्त भुंकणारी आणि नासधूस करणारी आढळली होती. असं कुत्रं चावे खातं, जखमेत पावसाळ्यात किडे पडतात. जाळ्यातून झटकून टाकलेल्या घाणीत गळ असतात आणि केंड हा विषारी मासाही असतो. त्याचं विष शिजवूनही जात नाही. किनाऱ्यावर नुकसान दुहेरी. वेळास-आंजर्ल्यासारख्या गावांत थंडीत समुद्री कासवं अंडी घालतात आणि मोकाट कुत्री ती उकरतात.

कायदा आहे. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात उपासमार होईल असं जनावर सोडून देणं हा गुन्हा आहे, पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये. पापलेटच्या तुकडीला याहून जास्त मोजावे लागतात.

घरी कुत्रं आणण्याआधी एक चाचणी फुकटात होते. कुत्र्याविना पंधरा दिवस घरातल्या एकाने पहाटे साडेपाचला उठून वीस मिनिटं बाहेर चालून यायचं, दिवसातून आणखी तीनदा खाली उतरायचं, भर पावसातसुद्धा. दोन महिन्यांचं पिल्लू जेमतेम तीन तास लघवी रोखू शकतं, उठल्यावर आणि खाल्ल्यावर लगेच बाहेर न्यावं लागतं. चाचणी चौथ्या दिवशी मोडली, तर उत्तर मिळालं.

तरीही नाहीच झेपलं, तर सोडू नये, सोपवावं, आणि त्याला महिनाभर लागेल असं धरून चालावं. आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणी, रेबीजची लस, सहा महिने उलटले असतील तर नसबंदी. नसबंदी झालेल्या मादीला घर मिळणं सोपं जातं. नव्या माणसाला दोन-तीनदा घरी बोलवावं, त्याच्या हातून खाऊ घालावं. चावण्याची खोड असेल तर लपवू नये. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात साबणाने धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यायची. पिल्लाला रेबीज नसतो हा समज जीव घेतो.

सोपवताना लसीकरणाचं कार्ड, चार दिवस पुरेल इतकं नेहमीचं खाणं आणि त्याचं बसायचं गोणपाट बरोबर द्यावं. गोणपाटातल्या गोचिडी वेचून काढाव्यात, पण ते धुऊ नये. पहिल्या काही रात्री नव्या घरात ओळखीचा वास तेवढाच असतो.