कॉम्प्युटर शिकायला बारावी सायन्सच लागतं?

"बारावीला गणित नाही? मग कॉम्प्युटर विसर!" परभणी-हिंगोलीकडे हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं आणि कला-वाणिज्यची हुशार पोरं अर्जच भरत नाहीत. वाईट वाटतं, कारण हे खरं नाही. फिजिक्स-गणिताची अट इंजिनिअरिंगच्या पदवीची. बीसीए या कॉम्प्युटरच्या पदवीला कोणत्याही शाखेची बारावी चालते. (बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सचं माहितीपत्रक मात्र नीट वाचा, तिथे अट वेगळी असू शकते.)

लॅपटॉपही अट नाही. प्रॅक्टिकल कॉलेजच्या लॅबमध्ये होतात. 'सी' या प्रोग्रामिंगच्या भाषेतला पहिला प्रोग्राम साध्या बेरजेचा असतो. एक सेमीकोलन (;) सुटला तरी एरर येते, ती शोधायची चिकाटी हवी.

पोरं खरी अडकतात ती सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत. २०२४ पासून एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्यतेच्या बीसीएला राज्याची सीईटी द्यावी लागते. बारावीच्या निकालाची वाट न बघता तिचा अर्ज भरा.