रंगमंचावर लुगडं, तालमीत कुंडी, घरात पाट

पुरुषाने घरकाम करायचं आणि तेच परफॉर्मन्स आर्ट म्हणून, म्हणजे कलाकाराची प्रत्यक्ष कृती हीच कलाकृती म्हणून, लोकांपुढे मांडायचं, हे बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी माणसाला परकं वाटायचं कारण नाही. पुरुषपणाची चौकट चारचौघांत मोडायची रीत आपल्याकडे जुनी आहे. मोडायची जागा मात्र कायम घराबाहेरची.

अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८२ मध्ये त्यांचं ‘सौभद्र’ नाटक आलं आणि सुभद्रा झाले भाऊराव कोल्हटकर. पुढे बालगंधर्वांचं लुगडं नेसणं, गजरा माळणं बघून घरंदाज बायका तसं नेसू-माळू लागल्या. खऱ्या बायकांना त्या मंचावर जागा नव्हती, हेही लक्षात ठेवायला हवं. गोकाक भागातल्या कन्नड ‘श्रीकृष्ण पारिजात’ खेळात तर देवच दोन बायकांच्या रुसव्याफुगव्यात अडकलेला नवरा आहे.

सौंदत्तीच्या डोंगरावर लुगडं नेसलेले जोगप्पा, म्हणजे यल्लम्मा देवीला वाहिलेले आणि बाईसारखे राहणारे पुरुष, दिसतात, डोक्यावर देवीचा जग (मुखवटा ठेवलेली टोपली), सोबत चौंडकं हे तंतुवाद्य. देवीच्या दारात त्यांच्या पाया पडणारी माणसं आपलं लेकरू तसं निघालं तर घरात ठेवत नाहीत. बळ्ळारीकडच्या ट्रान्सजेंडर लोककलावंत मंजम्मा जोगतींना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तरी घरोघरीचं हे चित्र फारसं हललेलं नाही.

मला सगळ्यात बोलकी वाटते ती कुस्तीची तालीम. पोरं पहाटे हौद्यातली लाल माती उकरतात, झाडलोट करतात, कुंडीत बदाम घोटून थंडाई करतात, लंगोट आपले आपण धुतात, पाळीपाळीने स्वयंपाकही करतात. तोच पैलवान घरी आला की पाटावर बसतो आणि आई ताट वाढते. काम येत नाही असं नाहीच. घरात केलं तर कमीपणा येतो, एवढंच त्याच्या मनात पक्कं बसलेलं असतं.

इकडे निपाणीतली बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, हात धुऊन चुलीपाशी जाते. कमाई तिची असली तरी घरकाम वाटून घेतलं जात नाही. देशभराच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती, करणाऱ्या पुरुषांची ९७. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष २६ टक्क्यांच्या आसपास, बायका ८१.

हे न दिसणारं काम कलेत आणलं ते बायकांनी. १९७३ मध्ये मिअर्ल लॅडरमन युकेलीस यांनी अमेरिकेत हार्टफर्डच्या संग्रहालयाच्या पायऱ्या धुतल्या आणि ती कलाकृती म्हणून मांडली. चोर्ला घाट उतरला की गोवा, तिथे राहणारे परफॉर्मन्स कलाकार निखिल चोप्रा हे पुरुष असून आंघोळ, दाढी, जेवण, झोप सगळं प्रेक्षकांसमोर करतात.

बेळगावात असा प्रयोग कुणी केला, तर त्याने नुसतं लुगडं नेसून थांबू नये. तालमीतल्या एखाद्या पोराने आपल्याच घरी, गल्लीतल्या लोकांदेखत, महिनाभर दोन्ही वेळच्या भाकऱ्या थापाव्यात आणि मागची भांडीही त्यानेच घासावीत.