ओसरीवरची जागा

शेजारच्या काकूंनी परवा विचारलं, "टाकीतला हा सकर मासा फारच वाढलाय गं, सुरसागर तलावात सोडून देऊ का?" मी कळकळीनं म्हटलं, "नको हो काकू, दुकानदाराला परत द्या." कारण सांगताना मात्र मी बडोद्याच्या रावपुऱ्यातून थेट बहामा बेटांवर पोहोचले.

लायनफिश हा आपल्या बाजूच्या, म्हणजे हिंदी आणि प्रशांत महासागरांतला मासा. अठरा विषारी काटे, अंगावर पट्टे, पिसाऱ्यासारखे पर. अटलांटिकात तो नव्हताच. १९८५ साली फ्लोरिडाजवळ पहिल्यांदा दिसला, बहुधा कुणीतरी घरच्या टाकीतून सोडलेला. एक मादी वर्षाला वीस लाखांच्या आसपास अंडी घालू शकते. पुढे बहामा, सगळा कॅरिबियन समुद्र त्यानं व्यापला.

प्रवाळखडकांत अन्नाइतकीच ओढाताण जागेची असते. बहामात खडकाच्या छज्जाखाली बोटाएवढे दोन मासे राहतात, फेअरी बॅसलेट आणि ब्लॅककॅप बॅसलेट. फेअरी पुढून जांभळा, मागून पिवळा. पोट छताकडे करून ते चक्क उलटे पोहतात! प्रवाहाबरोबर येणारे सूक्ष्म जीव हे त्यांचं अन्न, आणि ते आधी मिळतं छज्जाच्या कडेला. म्हणून कडेची जागा मोठ्यांची, पिल्लं रेटली जातात आत अंधारात. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात ओसरीवर थोरले बसत आणि आम्ही पोरं माजघरात, तसंच हे. फरक इतकाच, की आम्ही उपाशी राहत नव्हतो. दोन्ही जातींची पिल्लं याच जागेसाठी एकमेकांशी झगडतात, आणि दोघांचं बळ साधारण सारखंच.

आता त्याच छज्जाखाली लायनफिश दिवसा मुक्कामाला येतो. त्याला कडेची जागा नकोच असते, त्याला हवा असतो आडोसा. पण जाता-येता तो पिल्लं गिळतो, आणि बहामातल्या प्रयोगांत दिसलं की त्याच्या तडाख्यात घटली ती फेअरीची पिल्लं. हे मला फार अस्वस्थ करतं. दोन बरोबरीच्या शेजाऱ्यांचा जुना तोल कुणाशीही न भांडता तिसऱ्यानंच मोडला.

फेअरीची पिल्लं कमी झाली तशी ब्लॅककॅपची पिल्लं कडेकडे सरकली, आणि भराभर वाढू लागली.