भयगंडावरील वर्तनोपचार: शिथिलीकरणाच्या वादाची पार्श्वभूमी

भयगंडाचा, म्हणजे एखाद्या वस्तूच्या वा प्रसंगाच्या अवास्तव आणि टिकून राहणाऱ्या भीतीचा, वर्तनवादी इतिहास बहुधा बाल्टिमोरमध्ये झालेल्या 1920 च्या प्रयोगापासून सांगितला जातो. त्यात सुमारे 11 महिन्यांच्या एका मुलाने पांढऱ्या उंदराला हात लावला की त्याच्या पाठीमागे पोलादी दांड्यावर हातोडा मारला जाई आणि पुढे ते मूल नुसत्या उंदरालाही घाबरू लागले. एकाच बाळावरील या प्रयोगाला पाठ्यपुस्तकांनी नको तितके मोठे केले आहे. उपचाराच्या दृष्टीने 1924 चा अभ्यास अधिक मोलाचा होता, कारण त्यात सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाला आवडीचा खाऊ देत ससा थोडाथोडा जवळ आणला गेला आणि त्याची भीती ओसरली. या अभ्यासाकडे मात्र पुढे अनेक वर्षे फारसे कोणी पाहिले नाही.

1947 मध्ये मांडलेल्या द्विघटक सिद्धांताने भीती टिकते का, याचे उत्तर दिले. भीती अभिजात अभिसंधानातून, म्हणजे एखादी निरुपद्रवी वस्तू त्रासदायक अनुभवाशी जोडली गेल्याने, जडते आणि ती वस्तू टाळल्यावर मिळणारी सुटका टाळण्याच्या वर्तनाला प्रबलन देते, म्हणजे ते वर्तन अधिक पक्के करते. लिफ्ट टाळून रोज जिने चढणाऱ्याला लिफ्टमध्ये काही घडत नाही हे शिकण्याची संधीच मिळत नाही.

खरा वाद जोहान्सबर्गमधील कामातून उभा राहिला. तेथील एका मनोविकारतज्ज्ञाने पिंजऱ्यात विजेचे धक्के बसलेल्या मांजरांना आधी तो पिंजरा असलेल्या खोलीशी फारसे साम्य नसलेल्या जागी आणि मग टप्प्याटप्प्याने अधिक सारख्या जागी खाऊ घातले. माणसांसाठी त्याने खाण्याच्या जागी स्नायूंचे शिथिलीकरण योजले. रुग्णाने भीतीच्या प्रसंगांची चढती यादी करायची, अंग सैल सोडायचे आणि सर्वांत सौम्य प्रसंगापासून एकेक प्रसंग डोळ्यांसमोर आणायचा. 1958 च्या ग्रंथात सुमारे 90 टक्के रुग्ण बरे झाल्याचा किंवा बरेच सुधारल्याचा दावा होता, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. शिथिलता आणि भीती एका वेळी नांदू शकत नाहीत, म्हणून शिथिलता भीतीला दाबते, असे त्याचे स्पष्टीकरण होते.

मग शिथिलीकरण वगळले तर काय होईल? 1968 मधील एका प्रयोगात सापांना घाबरणाऱ्या विद्यार्थिनींपैकी शिथिलीकरण आणि कल्पनाचित्रे यांची जोडी मिळालेल्या गटातच ठळक सुधारणा दिसली, आणि मूळ मताचे समर्थक या निष्कर्षाला धरून राहिले. परंतु 1971 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात रुग्णांना थेट तीव्र भीतीच्या प्रसंगात दीर्घकाळ ठेवणारी, ‘फ्लडिंग’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत शिथिलीकरणासह टप्प्याटप्प्याने जाणाऱ्या पद्धतीपेक्षा सरस ठरली. शिथिलीकरण नाही, पायऱ्या नाहीत, तरीही भीती उतरते, हे मान्य करणे अनेकांना जड गेले. पुढील दशकभरात पुरावा साचत गेला तसे शिथिलीकरण हे साहाय्यक ठरले आणि भीतीला प्रत्यक्ष सामोरे जाणे हाच उपचाराचा गाभा मानला जाऊ लागला. हा निर्णय, माझ्या मते, त्या काळात जितका सौम्य शब्दांत मांडला गेला त्यापेक्षा कितीतरी मूलगामी होता, कारण त्यामुळे उपचार शाबूत राहिला आणि त्याचा मूळ सिद्धांत निकामी झाला. रक्ताच्या भयगंडात तर रक्तदाब आधी चढून मग एकदम घसरतो आणि रुग्णाला भोवळ येते. म्हणून 1980 च्या दशकात अशा रुग्णांना स्नायू सैल सोडण्याऐवजी आवळायला शिकवले जाऊ लागले.

अभिसंधानाच्या बाजूनेही तडे गेले होते. साप व उंची यांची भीती सहज जडते आणि विजेच्या सॉकेटची क्वचितच, यावरून 1971 मध्ये उत्क्रांतीजन्य पूर्वसज्जतेची, म्हणजे काही भीती चटकन शिकण्याच्या उपजत तयारीची, कल्पना पुढे आली. 1977 मध्ये प्रत्यक्ष अनुभवाखेरीज दुसऱ्याला घाबरताना पाहणे आणि ऐकीव माहिती हेही भीती जडण्याचे मार्ग मानले गेले. सापाला घाबरणाऱ्या माकडांना पाहून प्रयोगशाळेत वाढलेली माकडेही घाबरू लागल्याचे 1980 च्या दशकातील प्रयोगांत दिसले.

1989 मध्ये कमाल 3 तासांच्या एकाच सत्रातील उपचाराचे वर्णन आले आणि 1995 मध्ये उंचीच्या भीतीवर आभासी वास्तवाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. विलोपनाने, म्हणजे अपाय न होता पुन्हा पुन्हा सामोरे गेल्याने भीती ओसरण्याने, जुने शिक्षण पुसले जात नाही, त्याच्या जोडीला नवे शिक्षण तयार होते, हे प्राण्यांवरील संशोधनातून स्पष्ट झाल्यावर सरावाची रीतही बदलली. कोळ्याच्या भयगंडात आता एकाच खोलीतील एकाच कोळ्यावर न थांबता निरनिराळे कोळी आणि निरनिराळ्या जागा वापरण्याकडे उपचारकांचा कल असतो.