मंद ध्रुवीय प्रकाशातील इलेक्ट्रॉन-वर्षाव : रॉकेटद्वारे अभ्यास

चुंबकीय क्षेत्ररेषांच्या अनुरोधाने वातावरणात शिरणारे इलेक्ट्रॉन ऑक्सिजन व नायट्रोजनवर आदळले की ध्रुवीय प्रकाश निर्माण होतो. छायाचित्रांत मिरवतात ते त्याचे तेजस्वी पडदे. पण त्यांच्या आसपास दूरवर पसरलेला विसविशीत उजेड कित्येकदा डोळ्यांना जाणवतही नाही. दोन्हींची कारणे वेगळी आहेत. पडद्यांतील इलेक्ट्रॉनांना काही हजार किमी. उंचीवरील विद्युत् क्षेत्र वेग देते, त्यामुळे त्यांच्या ऊर्जा बहुधा एका मूल्याभोवती एकवटतात. मंद प्रकाशातील इलेक्ट्रॉन चुंबकांबरात, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा प्रभाव असलेल्या अवकाशात, अडकलेले असतात. तेथील तरंगांनी त्यांची दिशा जराशी बदलली की ते खाली सांडतात आणि त्यांच्या ऊर्जा मोठ्या पल्ल्यात विखुरलेल्या आढळतात.

जमिनीवरून या ऊर्जेचा अंदाज रंगांच्या गुणोत्तरासारख्या अप्रत्यक्ष खुणांवरूनच बांधावा लागतो. उपग्रह सेकंदाला ७ किमी.हून अधिक वेगाने जातो, त्यामुळे बारीक रचना निसटतात. प्रकाश जिथे उमटतो त्या १०० किमी.च्या आसपास तर उपग्रह टिकूच शकत नाही. साउंडिंग रॉकेट, म्हणजे उपकरणे घेऊन वर जाऊन कक्षेत न शिरता परत खाली येणारे रॉकेट, नेमके त्या थरातून वर जाते आणि त्याची आडवी गतीही उपग्रहापेक्षा बरीच कमी असते. उड्डाण काही मिनिटांचेच, तरीही ही संथ चालच त्याची खरी मिळकत.

१९५८ मध्ये कॅनडातील फोर्ट चर्चिल येथून कार्ल मॅकिल्वेन यांनी सोडलेल्या रॉकेटांनी हे कण प्रत्यक्ष मोजले. एका तेजस्वी प्रकाशात सुमारे ६ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट (कणांच्या ऊर्जेचे एकक) ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आढळले.

मोजणीसाठी वक्र धातुपट्ट्यांवरील व्होल्टता पायरीपायरीने बदलतात. प्रत्येक पायरीला ठरावीक ऊर्जेचेच इलेक्ट्रॉन पलीकडच्या शोधकापर्यंत पोहोचतात. वर्षाव क्षीण असला की नोंदी तुटपुंज्या पडतात. मोजणीचा काळ वाढवावा तर रॉकेट पुढे सरकते आणि बारीक रचना पुसट होते. यावर सोपा तोडगा नाही.

उड्डाणाची वेळ साधणे त्याहून अवघड. अलास्कातील पोकर फ्लॅट, नॉर्वेतील आन्डोया किंवा स्वीडनमधील एसरेंज या रॉकेट-तळांवर अंधारी रात्र आणि मार्गाखालील कॅमेरा-केंद्रांवर निरभ्र आकाश लागते. पडदा निदान दिसतो तरी, मंद प्रकाशासाठी संवेदनशील कॅमेऱ्यांवरच विसंबावे लागते. ५ मार्च २०२२ रोजी पोकर फ्लॅटवरून ‘लॅम्प’ मोहिमेचे रॉकेट काही सेकंदांच्या अंतराने उजळणाऱ्या-विझणाऱ्या स्पंदमान प्रकाशात सोडण्यात आले. हे स्पंदन घडवणारे तरंग कित्येक पटींनी अधिक ऊर्जेचे इलेक्ट्रॉनही त्याच वेळी खाली ढकलतात का, हे त्याला तपासायचे होते.