उडालेला लाल आणि आकाशातले पट्टे

नाशिकमध्ये रविवार कारंजाकडून मेन रोडला चालत जाताना दुकानांच्या काचांवरची जुनी पोस्टरं जरा निरखून पाहा. सलूनमधली मॉडेलं, मिठाईचं ताट, देवांची कॅलेंडरं, ज्याच्यावर रोज ऊन पडतं ते सगळं निळसर झालेलं दिसेल. लाल आणि पिवळा गायब, निळा आणि काळा मात्र शाबूत. तसबिरीतलं कुंकू फिकं पडलं की काही घरांत अपशकुन मानतात. ती तसबीर खिडकीसमोर टांगलेली असते, कारण एवढंच.

असं विटलेलं चित्र दुरुस्त करून पुन्हा छापायचं तर आधी रंग का उडतो ते पाहू. रंगीत छपाईत सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबी-लाल), यलो (पिवळी) आणि काळा अशा चारच शाया असतात. सायनमध्ये कॉपर थॅलोसायनिन असतं. मध्ये तांब्याचा अणू आणि भोवती कडं, अशी त्याच्या रेणूची घट्ट रचना प्रकाशाला सहजासहजी दाद देत नाही. काळी शाई म्हणजे कार्बन, तिला तर काहीच होत नाही. नेहमीच्या मॅजेंटातलं लिथॉल रुबिन आणि यलोतली डायअरिलाइड रंगद्रव्यं मात्र कमकुवत. यलो शाई निळा प्रकाश शोषते म्हणून आपल्याला पिवळी दिसते, आणि निळ्या प्रकाशाचे कण लाल प्रकाशाच्या कणांपेक्षा जास्त ऊर्जेचे असतात. त्यांच्यासोबत अतिनील किरणही येतात. त्या माऱ्याने रेणूतले बंध तुटतात, आणि तुटलेल्या रेणूला रंग नसतो.

म्हणून ‘जुनं चित्र सॉफ्टवेअरमध्ये टाकलं की रंग परत येतो’ हा समज अर्धाच खरा आहे. फिकट झालेला रंग ताणून गडद करता येतो. पूर्ण उडालेला रंग नव्याने भरावा लागतो. एका क्लिकमध्ये रंग भरणारी एआय अ‍ॅप्स शालूचा रंग अंदाजाने ठरवतात आणि कधी चेहऱ्याची ठेवणसुद्धा बदलतात. घरच्या माणसाच्या किंवा मंदिराच्या चित्रासाठी तो अंदाज चालत नाही.

आता ताणणं म्हणजे काय ते नीट पाहू, कारण छपाईतली बरीच चित्रं इथेच बिघडतात. समजा, रामकुंडाचं एक जुनं चित्र आहे आणि वरचं आकाश गडद निळ्यापासून क्षितिजाजवळच्या फिकट निळ्यापर्यंत हळूहळू उतरत जातं. साध्या 8 बिट स्कॅनमध्ये प्रत्येक चॅनेलला (लाल, हिरवा, निळा यांच्या एकेका थराला) 0 ते 255 अशा 256 पायऱ्या मिळतात. चित्र विटलेलं असलं की त्यातली सगळी माहिती, धरा, 100 ते 220 या 121 पायऱ्यांत कोंबलेली असते. फोटोशॉपच्या लेव्हल्समध्ये (काळं आणि पांढरं टोक ठरवायच्या साधनात) दोन्ही टोकांचे त्रिकोण आत ओढले की 100 चा 0 होतो आणि 220 चा 255. पायऱ्या मात्र 121 च राहतात. त्या दूर दूर पसरतात आणि मधली 135 घरं रिकामी पडतात. हिस्टोग्राम (कुठली छटा किती आहे त्याचा आलेख) उघडा, तुटक्या फणीसारखा दिसेल.

त्या आकाशाची पूर्वीची मजल 180 ते 210 होती, म्हणजे 31 पायऱ्या. ताणल्यावर ती 170 ते 234 होते, पायऱ्या तरीही 31. हे आकाश बॅनरवर 12 इंच उंच छापलं तर प्रत्येक पायरी सुमारे 1 सेंटिमीटर रुंद होणार. तेच ते पट्टे, ज्यांना डिझायनर बँडिंग म्हणतात. त्यात आपला डोळा भर घालतो. दोन जवळच्या छटा जिथे भेटतात तिथली कड डोळा आहे त्यापेक्षा ठळक करून दाखवतो. ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माख यांनी 1865 मध्ये हे नोंदवलं, म्हणून अशा ठळक दिसणाऱ्या कडांना माख पट्टे म्हणतात. त्यामुळे एका पायरीचा क्षुल्लक फरकही आकाशात रेघेसारखा उठून दिसतो.

खरा उपाय स्कॅनरपाशीच आहे. स्कॅन 48 बिट, म्हणजे चॅनेलमागे 16 बिट, आणि टिफ फाइल. फोटोशॉप 16 बिटमध्ये चॅनेलमागे 32,769 पायऱ्या ठेवतं, म्हणजे आकाशाच्या त्या 31 च्या जागी हजारो. कितीही ताणलं तरी पुरतात. आधी 8 बिटमध्ये स्कॅन करून नंतर मोड 16 बिट केला तर गेलेल्या पायऱ्या परत येत नाहीत. पुढची आकडेमोड तेवढी जास्त अचूक होते.

मूळ चित्र कॅलेंडरसारखं छापील असेल तर ते स्वतःच ठिपक्यांचं असतं. तसंच वापरलं तर नव्या छपाईचे ठिपके जुन्यांवर बसून जाळी उमटते. 600 ते 1200 डीपीआयला (इंचाला इतके ठिपके) स्कॅन करा, ठिपके एकमेकांत मिसळतील इतकाच गॉशियन ब्लर (चित्र धूसर करणारा फिल्टर) द्या आणि मग लहान करून छपाईच्या मापाला 300 डीपीआयवर आणा.

रंग दुरुस्त करताना एकत्र आरजीबीची (लाल-हिरवा-निळा तिन्हींची) लेव्हल्स ओढू नका. सायन शाई लाल चॅनेलमध्ये दिसते, मॅजेंटा हिरव्यात, यलो निळ्यात. निळं पडलेल्या चित्रात हिरवा आणि निळा चॅनेल धुतल्यासारखे असतात, तेव्हा त्या दोघांचा काळा त्रिकोण उजवीकडे सरकवायचा. ऑल्ट दाबून ओढलं की कुठला भाग पार काळा होतोय ते दिसतं. लाल शालूबाबत मात्र एक अडचण आहे. त्यात सायन जवळपास नसतोच, त्यामुळे मॅजेंटा-यलो उडाले की चुण्या कुठल्याच चॅनेलमध्ये उरत नाहीत. काळ्या शाईच्या रेषा तेवढ्या राहतात. त्यांच्या आधाराने छटा हाताने रंगवाव्या लागतात.

नवा रंग भरायला वेगळा लेअर घेऊन ब्लेंड मोड (खालच्या थरात मिसळण्याची पद्धत) कलर ठेवा. यात खालची उजळता तशीच राहते. म्हणून गडद जागेवर पिवळा भरला तर शेवाळी-तपकिरी येतो, कारण पिवळा मुळातच उजळ रंग आहे. तिथे आधी कर्व्ह्जने खालची जागा उजळा. ग्रेडियंटमध्ये (एका रंगातून दुसऱ्यात जाणाऱ्या उतारात) निळ्यापासून थेट पिवळ्याकडे गेलात तर मधोमध 128, 128, 128 म्हणजे निव्वळ करडा येतो. सूर्योदयाचं आकाश मळकट दिसतं ते यामुळे. मध्ये गुलाबी किंवा नारिंगीचा एक टप्पा द्यावा. सीएमवायकेत (छपाईच्या त्या चार शायांत) लालपासून नुसत्या काळ्याकडे जातानाही मध्य मातकट होतो. गडद टोकाला मॅजेंटा 100, यलो 100, काळा 100 ठेवलं की उतार लालच राहतो. आर्ट पेपरवर एकूण शाई (चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज) 300 टक्क्यांपर्यंत चालते. न्यूजप्रिंटवर 240 च्या पुढे ती वाळत नाही आणि मागच्या पानाला लागते, म्हणून तिथे 70, 70, 100.

पट्टे दिसणं छपाईच्या पद्धतीवरही ठरतं. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसने 1952 मध्ये संत-कवींची तिकिटं फोटोग्रेव्ह्युअरने छापली. त्या पद्धतीत सिलिंडरवरच्या बारीक खळग्यांची खोली कमीजास्त असते, म्हणून कागदावर शाईचा थरच जाड-पातळ बसतो आणि छटा अलगद उतरतात. नेहमीच्या ऑफसेट छपाईत शाईचा थर सगळीकडे सारखाच, ठिपका तेवढा लहान-मोठा. 2400 डीपीआयची प्लेट 150 लाइन स्क्रीनला (इंचाला ठिपक्यांच्या 150 ओळी) असेल तर एका ठिपक्याला 16 गुणिले 16 चं घर मिळतं, म्हणजे 257 छटा. 600 डीपीआयचा लेझर प्रिंटर 85 लाइनला जेमतेम 50 छटा देतो. तेव्हा लेझर प्रूफवर (तपासायच्या प्रतीवर) पट्टे दिसले म्हणून फाइल बिघडली असं समजू नका.

फाइल अंतिम मापाला आणल्यावर आकाशावर अ‍ॅड नॉइज (बारीक दाणे मिसळणारा फिल्टर) द्या. 1 ते 2 टक्के, गॉशियन, मोनोक्रोमॅटिक. हा बारीक कण पायरीची कड विस्कटतो आणि ठिपक्यांत मिसळून दिसेनासा होतो. नंतर माप लहान केलंत तर त्याची सरासरी होऊन तो पुसला जातो, आणि जास्त दाबलेल्या जेपेगमध्येही जातो, म्हणून प्रेसला टिफ द्या. सीएमवायके रूपांतर एकदाच आणि शेवटी, प्रेसने दिलेल्या प्रोफाइलवर (त्यांच्या छपाईच्या रंगांची माहिती देणाऱ्या फाइलवर). आणि फिकट टोक 3 टक्के शाईवर थांबवा. त्याखालचा ठिपका प्लेटवर टिकत नाही, आणि जिथे तो तुटतो तिथे क्षितिजावर एक पांढरी रेघ उमटते.